सूरजकुंडला जाण्याआधी घरचं कपाट उघडा

फेब्रुवारीत दिल्लीला भाच्याचं लग्न आहे, मधला एक दिवस मोकळा आहे, त्या दिवशी सूरजकुंडचा हस्तकला मेळा बघायचाय. आईला पैठणी, सासऱ्यांना पश्मिना शाल, घरात दोन-चार चादरी-दुपट्टे, जमलं तर एखादी शोभेची वस्तू. सगळं पंचवीस हजारांच्या आत. खरा माल ओळखायचा कसा, भाव पाडून मागायचा का, आणि एका दिवसात होईल का, असं ओळखीतल्या एका ताईंनी विचारलंय. मी हातमागाच्या कापडाचं दुकान चालवते आणि खरेदीसाठी असे मेळे वर्षानुवर्षं पालथे घालते, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

ताई पुण्याच्या, म्हणून पहिलं उत्तर हेच: पैठणी सूरजकुंडला घेऊ नका. येवला शिर्डीपासून तीसेक किलोमीटरवर आहे. तिथे विणकरांच्या घराघरात माग आहेत, पदर विणताना समोर बसून बघता येतो आणि पाच घरं हिंडून भाव पडताळता येतो. हे हाताशी सोडून दिल्लीला जाऊन पैठणी आणायची म्हणजे कोकणात माहेर असून आंबे परगावच्या बाजारातून घेणं झालं. कोल्हापुरी चपलांचंही तेच. २०१९ साली महाराष्ट्र त्या मेळ्याचं थीम राज्य, म्हणजे त्या वर्षीचं मानाचं राज्य, होतं, त्या वर्षी आपल्या कारागिरांना भेटायला मुद्दाम जावं असं काही तरी होतं. एरवी तिथे जायचं ते आपल्याकडे सहज न मिळणाऱ्या गोष्टींसाठी.

पैठणीचा उपयोग मात्र आहे, आणि तो निघण्याआधी घरी. आईच्या किंवा सासूबाईंच्या कपाटातली जुनी पैठणी काढा आणि पदर उलटा करा. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरात मोराच्या हिरव्या रंगाला धाग्याची वेगळी काडी, चोचीच्या लालला वेगळी, मोराभोवतीच्या जरीला वेगळी. विणकर प्रत्येक रंग त्याच्या जागेपुरताच नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि मागे फिरवतो. रंग कुठेही मागून पुढे ओढत नेलेला नसतो. म्हणून मोर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. आता कुणी तरी भेट दिलेली ‘सेमी पैठणी’ शेजारी ठेवा. तिच्या पाठीवर धाग्यांचं जंजाळ दिसेल किंवा ते कातरून टाकल्याच्या खुणा, कधी कधी वरून जाळीचं अस्तरही. मंगळसूत्र अडकतं म्हणून ते अस्तर लावतात. येवल्यातच हातमागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र, लावून ब्रोकेडची पैठणीही विणतात आणि तिच्याही मागे धागे असतात, त्यामुळे मागे धागे दिसले की ती यंत्रमागाचीच, असा निकाल लगेच देऊ नका. पण हे दोन पदर शेजारी ठेवून पाच मिनिटं बोटं फिरवलीत, तर पुढे मेळ्यात जे काही बघाल ते बघायची सवय इथेच लागते. कापडाची पुढची बाजू विक्रीसाठी असते. विणकराचं काम मागच्या बाजूला कळतं.

त्याच बैठकीत काठही बघून घ्या. मागावर पन्हा आकसू नये म्हणून विणकर दोन्ही काठांना टोचून एक काठी ताणून ठेवतो. तिच्या टोकांची बारीक छिद्रं पुष्कळ हातमागाच्या कापडांना काठालगत दिसतात. हा काही पक्का पुरावा नव्हे, पण खूण चांगली. जरीचं म्हणाल तर तिच्या तीन पायऱ्या धरून चला. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. टेस्टेड म्हणजे आत तांबं. आणि तिसरी नुसती चमकीची, आत प्लॅस्टिक. तिसरी वाईट असं नाही. पहिलीचा भाव लावून ती देऊ नये, एवढंच.

आता मेळ्याकडे. सूरजकुंड दिल्लीच्या दक्षिण वेशीला लागून, हरियाणातल्या फरीदाबादमध्ये. मेळा १९८७ पासून बहुतेक फेब्रुवारीत भरतो आणि दुकानांची संख्या हजाराच्या वर जाते. एका दिवसात सगळा बघायचा म्हटलं तर सूर्य मावळेपर्यंत नुसते पाय दुखतील. शनिवार-रविवार टाळा, तिकीट जास्त आणि गर्दी विचारू नका. कामाच्या दिवशी दरवाजे उघडताच आत शिरा. मेट्रोने बदरपूरपर्यंत जाऊन पुढे रिक्षा करता येते. सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन, तेव्हा अंगावर काढता-घालता येईल असं काही तरी, पायात बूट. पहिला तास पाकीट बंद ठेवून नुसतं फिरा. कुठल्या गल्लीत कुठलं राज्य आहे, कुठे माणूस काम करत बसलाय, कुठे नुसत्या घड्यांचे थर रचलेत, एवढं डोक्यात बसलं की पुढचा दिवस सोपा जातो.

कारागीर कोण आणि व्यापारी कोण, हे ओळखणं तिथलं अर्धं काम. ‘तुम्ही स्वतः विणता का?’ असं विचाराल तर शंभरातले नव्याण्णव हो म्हणतील. त्याऐवजी कामातली अडचण विचारा. पावसाळ्यात छपाई चालते का? या साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, कोण भरतं? एका ताण्यात किती साड्या निघतात? खरा कारागीर लगेच तक्रारी सुरू करतो. रेशीम महागलं, उन्हाशिवाय कापड वाळत नाही, पोरगा मागावर बसायला तयार नाही, फणीत धागे भरणारा म्हातारा गेल्यापासून खोळंबा होतो. व्यापारी उत्तरादाखल बोर्ड दाखवतो. एकाच दुकानात बनारसी, चंदेरी, पटोला आणि कांजीवरम सगळं मांडलेलं असेल तर तो विणकर नाही हे उघडच आहे. व्यापाऱ्याकडून घ्यायला माझा विरोध नाही, मीही व्यापारीच. पण त्याच्याकडे बाजारभावाने घ्यावं, कारागिराच्या कष्टाची कहाणी ऐकून नव्हे.

आणखी एक. दुकानात पुढे पुरुष बोलत असतो आणि मागे त्याची बायको किंवा सून घड्या घालत बसलेली असते. प्रश्न तिला विचारा. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात पस्तीस लाखांच्या वर विणकर आणि पूरक कामगार नोंदले गेले आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका होत्या. कांड्या भरणं, रंगवणं, सूत उलगडणं बहुतेक तिच्याच हातून होतं. ‘हा रंग कसा आणलात?’ असं विचारलं की आधी लाजेल, मग जे सांगेल ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

चादरी-दुपट्ट्यांसाठी माझी पहिली पसंती कच्छच्या अजरखला, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या निळ्या-लाल कापडाला. भूजजवळ अजरखपूर नावाचं गाव आहे. २००१ च्या भूकंपानंतर मूळच्या धमडका गावचं पाणी बदललं, त्यात लोह वाढलं, रंग नीट उतरेनात, म्हणून ही छपाई करणाऱ्या खत्री मंडळींतले बरेच जण तिथे जाऊन वसले. अजरखचं सगळं गणित पाण्यावर असतं, म्हणून हे घडलं. कापड आधी धुऊन त्यातली खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यातून पिवळट करून घ्यायचं. त्यावर चुना आणि डिंकाच्या लगद्याने रेघा छापायच्या, त्या शेवटपर्यंत पांढऱ्या राहतात. काळा रंग गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून करतात, त्याला चिंचोक्याच्या पिठाने दाटपणा आणतात. जिथे लाल यायचा तिथे तुरटी. मग उरलेली नक्षी झाकून नीळ, धुणं, आणि शेवटी मंजिष्ठाच्या मुळ्यांच्या किंवा अलिझरीन या तयार लाल रंगाच्या उकळत्या पाण्यात लाल उमटतो. मधे प्रत्येक टप्प्याला ऊन आणि पाणी. चांगल्या मालाला पंधरा दिवस ते महिना जातो.

मग पंधरा मिनिटांत जाळीच्या चौकटीतून रंग दाबून छापलेला स्क्रीनचा ‘अजरख’ कसा ओळखायचा? आधी तेच, कापड उलटं करा. नीळ आणि मंजिष्ठा कापड बुडवून चढलेले असतात, त्यामुळे मागेही रंग भरपूर उतरलेला असतो, आणि उत्तम प्रतीच्या मालात तर दोन्ही बाजूंनी ठसे मारतात. स्क्रीनच्या कापडाची पाठ फिकट, पांढुरकी. मग ठशाचा सांधा शोधा. लाकडी ठसा साधारण तळहाताएवढा असतो. तो जिथे संपतो आणि पुढचा सुरू होतो तिथे कुठे केसभर फट, कुठे किंचित चढ, कोपऱ्यात जुळवणीसाठी घेतलेलं टिंब. हात आहे, तो क्वचित घसरतोच. पण फसवणारेही हुशार झालेत. ठशाचं खरं कापड समोर ठेवून त्यावरून स्क्रीन काढतात, त्यामुळे त्यातल्या फटीही जशाच्या तशा येतात. म्हणून नुसती चूक सापडली म्हणून खूश होऊ नका. एक चूक हेरा आणि पुढची सात-आठ वेळा तीच नक्षी येते तिथे बघा. चूक दर वेळी त्याच जागी, त्याच मापाची असेल तर ते स्क्रीन. ठशाच्या छपाईत ती जागा बदलते.

नव्या निळीच्या कापडावर बोट घासलं तर बोट निळं होतं, त्यावरून ते खोटं ठरवू नका. वरची सैल नीळ पहिल्या धुण्यांत निघून जाते.

कलमकारीला हीच परीक्षा लावा. मच्छलीपट्टणमची कलमकारी ठशांची, श्रीकाळहस्तीची बांबूच्या लेखणीने हाताने रेखलेली. बाजारात ‘कलमकारी’ म्हणून दिसणारं बहुतेक कापड या दोन्हींपैकी नसतं, ते स्क्रीनचं असतं. इकत तर उलटं केल्याशिवाय घेऊच नये. त्यात रंग विणण्याआधी सुताला चढवलेला असतो, म्हणून पुढची आणि मागची बाजू सारखी आणि नक्षीच्या कडा किंचित पसरट. पाटणचा पटोला ताणा आणि बाणा (उभे-आडवे धागे) दोन्ही रंगवून विणतात, एकेका साडीला सहा महिने नि वर्षही जातं, किंमत लाखांत. पंधरा हजारांत कुणी ‘पाटण पटोला’ म्हणून दाखवला तर तो राजकोटचा एकेरी इकत, म्हणजे एकाच दिशेचे धागे रंगवलेला, असेल किंवा नुसती छपाई. राजकोटचा काही टाकाऊ नाही, सुंदर असतो. नाव खरं सांगून दिला तर जरूर घ्या.

लखनवी चिकन भरतकामाचीही उलटी बाजूच बघावी. त्यातल्या बखिया नावाच्या प्रकाराचे हातचे टाके मुळात मागच्या बाजूने घालतात, धाग्यांची जाळी मागे असते आणि मलमलीतून तिची सावली पुढे दिसते. मशीनच्या भरतकामात मागे एकसारखा, सलग, घट्ट धागा चालतो, गाठ म्हणून कुठे सापडत नाही.

सासऱ्यांच्या शालीबद्दल सावध राहा. अंगठीतून शाल ओढून दाखवण्याचा खेळ प्रत्येक मेळ्यात चालतो, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. पातळ व्हिस्कोसची ओढणीही अंगठीतून जाते. खरी पश्मिना लडाखच्या पठारावरच्या शेळीच्या लोकरीची, हाताने कातलेली. धाग्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, चमक जवळजवळ नसतेच. झगझगीत, गुळगुळीत आणि दोन हजारांत मिळणारी शाल पश्मिना नव्हे. तुमच्या बजेटात मी पश्मिनाचा हट्ट सोडेन आणि कुल्लूची किंवा कच्छच्या भुजोडीची लोकरीची शाल घेईन. सासरे ती रोज पांघरतील, कपाटात ठेवून देणार नाहीत. शाहतूश असं कुणी कानात कुजबुजलं तर पुढे चालू लागा. चिरू हे हरीण मारून ती लोकर काढतात आणि तिची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मग आईला काय? माझं ऐकाल तर मध्य प्रदेशातल्या महेश्वरची महेश्वरी साडी. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विणकर आणून महेश्वरला वसवले, पुढे काम मंदावलं तेव्हा १९७८ मध्ये होळकर घराण्यानेच रेहवा सोसायटी काढून माग पुन्हा चालू केले. रेशमाचा ताणा, सुती बाणा, अंगाला हलकी, पुण्याच्या उन्हाळ्यात नेसता येते. काठाची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेली, आणि काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणतात. भावही पैठणीच्या मानाने बराच खाली. तुमच्या आईला तिचं नाव ऐकून माहीत असेलच.

लेबलांविषयी दोन शब्द, कारण तिथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. सिल्क मार्क सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा आहे. तो हाताने विणलाय असं सिल्क मार्क म्हणत नाही, यंत्रमागाच्या रेशमी साडीलाही तो मिळतो. हाताने विणल्याची ग्वाही देणारी खूण म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेला हँडलूम मार्क. २०१५ मध्ये ७ ऑगस्टला, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी आलेला इंडिया हँडलूम ब्रँड त्याहून कडक, त्यात प्रतही तपासतात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कापडाच्या प्रकाराला आणि प्रदेशाला असतं, म्हणून दुकानावर नुसतं ‘जीआय’ रंगवलेलं असणं पुरेसं नाही, त्या नगावर काय चिकटवलंय ते वाचा. आणि दुसऱ्या बाजूने, एखाद्या खेड्यातल्या विणकराकडे यातलं एकही लेबल नसतं आणि माल अव्वल असतो. अशा वेळी त्याच्याकडे सरकारचं कारागीर ओळखपत्र आहे का ते विचारा, बहुतेक जण खिशातून काढून दाखवतात. शंका राहिलीच तर साडीच्या दशांमधला एक धागा मागा आणि त्याला काडी लावा. रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. खरा माल असलेला माणूस धागा द्यायला कुरकुरत नाही.

आता घासाघीस. साडीची मजुरी मनातल्या मनात मांडून बघा. एक माणूस महिनाभर मागावर बसला, घरातल्या दोघींनी त्याला हात लावला, वर रेशीम, रंग, प्रवास. हे सगळं तीन हजारांत बसत नाही हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. त्यामुळे कारागिराकडे मी एकदाच विचारते, ‘भैया, कुछ कम होगा?’ आणि जो आकडा येईल त्यावर हो किंवा नाही. दोन-तीन नग घेतले तर थोडं कमी करा म्हणणं रास्तच. व्यापाऱ्याकडे खुशाल अर्ध्यापासून सुरू करा, त्याने आधीच दुप्पट सांगितलेलं असतं. सकाळी भवानीच्या वेळी भाव जरा सैल असतात हे खरं, आणि शेवटच्या दिवशी तर माल परत न्यायचा खर्च वाचवायला बरेच जण उतरतात. पण दिवसभर गिऱ्हाईक न मिळालेल्या विणकराला संध्याकाळी गाठून पाडून मागणं मला पटत नाही. मात्र थोडा डाग असलेला, रंग किंचित उडालेला नग त्यानेच कमी भावाने पुढे केला तर बिनधास्त घ्या, दोघांचंही भलं.

कापड निवडलं की ते मांडवाबाहेर उन्हात न्या. तिथल्या लाल-पिवळ्या कनातींतून येणाऱ्या उजेडात सगळेच रंग खुलतात, मोरपंखी म्हणून घेतलेला दुपट्टा घरी आल्यावर शेवाळी निघतो. पूर्ण घडी उलगडून बघायला संकोचू नका.

शोभेच्या वस्तूंपैकी डोकरा, म्हणजे ओतीव पितळेची मूर्ती, घ्या. मेणाच्या नक्षीवर मातीचा साचा करून, मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात, आणि वस्तू काढताना साचा फुटतो. म्हणून हुबेहूब सारखे दोन हत्ती दिसले तर ते डोकरा नाहीत. बिदरीचं काम, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी, आवडलं तर बारीकसं घ्या. त्याचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून चढवलेला असतो. त्याला पितांबरी लावायची नाही, काळेपणा फिका वाटला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. जयपूरची निळी भांडी चिकणमातीची नसतात, गारगोटीच्या आणि काचेच्या भुकटीची असतात. दिसायला देखणी, पण लग्नाच्या सामानात कोंबून पुण्यापर्यंत आणायला अगदीच नाजूक.

एका दिवसात मनासारखं झालं नाही तर दुसऱ्या संध्याकाळी दिल्लीतच आयएनए भागातल्या दिल्ली हाट या कारागिरांच्या बाजारात जा. १९९४ पासून चालतंय, दुकानं कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी पाळीने देतात, त्यामुळे तिथे माणसं सतत बदलतात. गर्दी आटोक्यात असते आणि बोलायला वेळ मिळतो.

बिल मागा, त्यावर नाव, गाव आणि फोन लिहून घ्या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण ऐन गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या. घरी आल्यावर अजरख वेगळा, गार पाण्यात, रिठ्याने धुवा आणि सावलीत वाळत घाला. बादलीतलं पाणी पहिल्या दोन-तीन वेळा निळं होणार आहे. तेवढ्यासाठी त्या बिचाऱ्या खत्रींना रात्री फोन करू नका.